संगीतकाराने स्वतः सही करून दिलेलं जुनं शीट म्युझिक, म्हणजे छापील स्वरलिपी, विकत घेताना काय तपासावं?

आधी सही हाताची की छापील, ते बघा. पूर्वी काही प्रकाशक मुखपृष्ठावर संगीतकाराची सही छापत असत. चांगल्या भिंगाखाली खऱ्या शाईत दाब कमीजास्त दिसतो, रेघा छेदतात तिथे रंग गडद होतो. छापील सही सगळीकडे सारखी असते.

मग प्रत कधीची? इथेच बरेच जण फसतात. कॉपीराइटचं वर्ष पुनर्मुद्रणावरही तेच राहतं. पानाच्या तळाशी असलेला प्लेट क्रमांक, म्हणजे छपाईच्या पत्र्याला प्रकाशकाने दिलेला आकडा, हाही बहुधा तोच राहतो. छपाईच्या काळाचा अंदाज मागच्या जाहिरातींवरून येतो. उदाहरणार्थ, अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन १९३७ साली गेले. त्यांच्या सहीची प्रत त्यानंतर छापलेली निघाली तर सही कितीही सुंदर असो, सोडून द्या.

गर्श्विन यांच्याच 'पोर्गी अँड बेस' या ऑपेराची १९३५ सालची सह्यांची खास आवृत्ती २५० प्रतींची होती, पण ती मुळात विक्रीसाठीच सही केलेली. मला विचाराल तर वादकाला नावानिशी दिलेली, चार स्वर हाताने लिहिलेली साधी प्रत जास्त मोलाची. तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेले, कुठला स्वर कुठल्या बोटाने वाजवायचा ते सांगणारे आकडे असतील तर कृपा करून खोडू नका. आणि लॅमिनेशन तर अजिबात नको.