वाचकांचे प्रश्न : टायटनवर पॅराशूट, मग चंद्रावर का नाही?

शनीच्या टायटन या चंद्राकडे नासाचं ड्रॅगनफ्लाय हे यान 2028मध्ये निघायचं आहे. त्या निमित्ताने तिथे आधी उतरलेल्या ह्युगेन्सबद्दल पत्रं आली. युरोपचं हे यान कॅसिनी या नासाच्या यानाला जोडून शनीपर्यंत गेलं आणि 14 जानेवारी 2005ला टायटनवर उतरलं.

23 ऑगस्ट 2023ला चांद्रयान उतरलं तेव्हा आमच्या चौकात फटाके वाजले, पेढे वाटले. पण विक्रमला इंजिनं लागली आणि ह्युगेन्स नुसत्या पॅराशूटवर उतरलं, हे कसं? (शाहूपुरी)

चंद्रावर हवाच नाही, पॅराशूट फुगणार कशावर? टायटनवर जमिनीलगतची हवा आपल्या हवेच्या सुमारे चौपट दाट, आणि गुरुत्वाकर्षण आपल्या एक सप्तमांश. ह्युगेन्स सेकंदाला 6 किलोमीटर वेगाने शिरलं. आधी 2.7 मीटर व्यासाच्या उष्णतारोधक ढालीने वेग मारला, मग 2.6 मीटरचं छोटं पॅराशूट उघडलं. त्याने मागचं झाकण ओढून काढलं आणि 8.3 मीटरचं मोठं पॅराशूट फुगलं. गंमत पुढे आहे. पंधरा मिनिटांनी हे मोठं पॅराशूट मुद्दाम सोडून दिलं आणि 3 मीटरचं घेतलं. मोठ्यावर यान इतकं सावकाश उतरलं असतं, की जमीन गाठायच्या आधीच बॅटऱ्या संपल्या असत्या. तरी उतरायला जवळपास अडीच तास लागलेच.

ओतकामाच्या भट्टीवर आम्ही साच्याची वाळू मुठीत आवळून ओल बघतो. तिथली जमीन "ओल्या वाळूसारखी" हे हात न लावता कसं कळलं? (शिरोली एमआयडीसी)

तुमच्या मुठीचं काम दोन यंत्रांनी केलं. यानाच्या बुडाखाली एक बारीक दांडा होता. जमिनीला पहिला तोच लागला आणि आत घुसताना किती जोर लागतो ते त्याने मोजलं. सुरुवातीला जोराचा झटका, म्हणजे वर कडक पापुद्रा किंवा एखादा खडा, आणि खाली मऊ. ओल सांगितली दुसऱ्या यंत्राने. हवा तपासणाऱ्या यंत्राची नळी गरम होती. ती जमिनीला टेकल्यावर मिथेनचं प्रमाण एकदम वाढलं. म्हणजे ओल पाण्याची नाही, मिथेनची. पाणी तिथे उणे 179 अंशांत दगड होऊन पडलेलं आहे, ह्युगेन्सच्या फोटोत दिसणारे गोटे बर्फाचेच.

यान धप्पकन रुतून बसलं असंही नाही. 12 सेंटिमीटरचा खड्डा करून बाहेर उसळलं, 30-40 सेंटिमीटर घसरलं, पाचेक वेळा डुललं आणि दहा सेकंदांत थांबलं.

निम्मे फोटो हरवले म्हणतात, खरं का? (कळंबा)

खरं. संदेश दोन वाहिन्यांवरून कॅसिनीकडे जात होते. त्यातल्या एका वाहिनीचा रिसीव्हर चालू करायची आज्ञा आज्ञावलीत राहूनच गेली. सातशेपैकी साडेतीनशेच फोटो आले. वाऱ्याची मोजणीही त्याच वाहिनीवर होती, पण ती वाचली, कारण अमेरिकेतल्या ग्रीन बँक आणि ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणींनी ह्युगेन्सचा क्षीण संदेश थेट पृथ्वीवरून पकडला. तो इथवर यायला 67 मिनिटं लागत होती.

टायटन कोल्हापुरातून दिसेल का? कोणती दुर्बीण घ्यावी? (राजारामपुरी)

दिसेल. 70 मिलिमीटर भिंगाची, 700 मिलिमीटर नाभीय अंतराची साधी दुर्बीण पुरे. मसाई पठारावर जायचीही गरज नाही, फक्त रस्त्यावरचा दिवा थेट डोळ्यात येऊ देऊ नका. शोधक दुर्बीण, म्हणजे मोठीवर बसवलेली छोटी दुर्बीण, दिवसाच जुळवून ठेवा. लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक मोठ्या दुर्बिणीत मधोमध आणा, मग शोधकाचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या फुलीवर आणा. हे न करता रात्री शनी शोधायला गेलात तर मान अवघडेल आणि हाती काही लागणार नाही.

आधी 25 मिलिमीटरचा नेत्रभिंग, म्हणजे डोळ्याकडचं भिंग, लावा (700 भागिले 25, म्हणजे 28 पट मोठं दिसतं), मग 10चा (70 पट). खोक्यावरच्या "500 पट"वर जाऊ नका. 70 मिलिमीटरच्या भिंगाला 140 पटीच्या वर नुसता अंधुक गोळा दिसतो. पैसे घालायचे तर स्टँडमध्ये घाला, हलक्या स्टँडवर वाऱ्याने चित्र नाचत राहतं. तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळी चित्र उकळतं. रात्री दहानंतर बघा, नाहीतर अंगणात मातीवर उभी करा.

2026मध्ये शनी 4 ऑक्टोबरला सूर्याच्या बरोबर समोर येतो, म्हणजे रात्रभर आकाशात असतो. पुढे दर वर्षी ही तारीख साधारण तेरा दिवसांनी सरकते. आपल्याकडे पावसाळा संपता संपताच हे येतं, तेव्हा पहिला आठवडा ढगांत गेला तरी घाई नको. मार्च 2025मध्ये कडी आपल्याला अगदी काठावरून, रेघेसारखी दिसत होती, त्यामुळे अजून ती बारीकच दिसतील.

टायटन म्हणजे शनीशेजारचा बारीक ठिपका, जास्तीत जास्त कड्यांच्या रुंदीच्या साडेचार पट लांब. तारा की टायटन, अशी शंका आली तर वहीत शनी आणि ठिपका काढून तारीख टाका. आठ दिवसांनी तो शनीच्या दुसऱ्या बाजूला आणि सोळाव्या दिवशी परत पहिल्या जागी दिसला, तर टायटनच.