खेड्यातल्या घरावर सोलर बसवण्याआधी काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की आर्वीजवळ गावात तुमचं स्लॅबचं घर आहे, कूलरमुळे उन्हाळ्यात बिल फार येतं, लाईन रोज जाते आणि दुकानदार 3 किलोवॅटच घ्या म्हणतो. मी हिंगणघाट तालुक्यातला. आमच्या घरावर 2024 मध्ये 3 किलोवॅट बसवलं. सोलर जरूर घ्या, पण आधी घरच्यांसोबत बसून एक ठरवा: बिल कमी करायचं आहे, की लाईन गेल्यावर पंखा चालवायचा आहे?

ही दोन वेगळी कामं आहेत. सबसिडीत बहुतेक लोक बसवतात ती ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेली सिस्टीम लाईन गेली की बंद पडते, भर दुपारचं ऊन असलं तरी. तो बिघाड नाही. छतावरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाऊ नये, म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणारा डबा) स्वतःच थांबतो. आमच्या आईला हे कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कूलर थांबला, तेव्हा ती म्हणाली, "मंग हे एवढं कायले लावलं?" लाईन नसतानाही चालवायचं तर बॅटरीवाला हायब्रिड इन्व्हर्टर लागतो आणि खर्च बराच वाढतो. घरात आधीचा बॅटरी-इन्व्हर्टर असेल तर दिवे-पंख्यांना तोच राहू द्या.

घर डीपीपासून (गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून) लांब असेल तर आणखी एक बघा. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की ऑनग्रिड इन्व्हर्टर तेवढा वेळ वीज बनवणं थांबवतो. वायरमनला सांगून चार-पाच दिवस दुपारी मीटरजवळ व्होल्टेज मोजून घ्या.

किती किलोवॅट, ते दुकानदाराला विचारू नका, बिलाला विचारा. मागच्या बारा महिन्यांची युनिटं जोडा. आपल्याकडे 1 किलोवॅट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण 4 युनिट देतं, म्हणजे महिन्याला 120. वर्षाची 2,400 युनिटं असतील तर 2 किलोवॅट पुरतं. केंद्राच्या सूर्यघर योजनेत 2 किलोवॅटला 60,000 आणि 3 किंवा जास्तला 78,000 रुपये सबसिडी आहे, म्हणून तिसरा किलोवॅट सगळे गळ्यात मारतात. पण वापरून उरलेल्या, लाईनला गेलेल्या जास्तीच्या युनिटांचा हिशोब मार्चअखेर होतो आणि त्यांना भाव कमी मिळतो. बिल शून्यावर येईल असंही धरू नका, स्थिर आकार भरावाच लागतो.

आम्ही चुकलो ते सावलीत. छत बघायला माणूस आला तो मे महिन्यात. तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, शेजारच्या कडुनिंबाची सावली पार बुंध्याशी. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि झाड स्लॅबच्या वर जितकं उंच, जवळपास तितकीच लांब सावली भर दुपारीसुद्धा उत्तरेकडे पडते. आमच्या दोन पॅनलवर ती येऊ लागली. पॅनल एकापाठोपाठ एक जोडलेले असतात, त्यामुळे एक झाकला तरी बाकीच्यांचं काम ढासळतं. जानेवारीत युनिटं किती घसरली ते मोबाईलवर रोज बघवत नव्हतं. शेवटी दोन पॅनल उचलून छताच्या उत्तर टोकाला नेले, त्याचे पैसे वेगळे गेले. म्हणून दक्षिणेकडचं झाड, पाण्याची टाकी, जिन्याची खोली हिवाळ्याच्या हिशोबाने बघा. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा लागते.

आपल्याकडे वानरं आहेतच. पॅनलवर उड्या मारतात, वायर ओढतात. स्ट्रक्चर भक्कम घ्या, उघडी वायर पाइपात टाकायला लावा. अर्थिंग आणि वीजरोधक (आकाशातली वीज पडली तर बचाव करणारा) दरपत्रकात लिहून घ्या, नुसतं तोंडी नको. 45 अंशांच्या उन्हात पॅनल तापून उलट कमी वीज देतात, त्यामुळे मे महिन्यात आकडा पडला तर घाबरू नका. तूर-सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत धूळ बसते. धुवा सकाळीच, तापलेल्या काचेवर गार पाणी नको. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर लगेच फडक्याने पुसा, नाहीतर पांढरे डाग बसतात.

सबसिडी नेट मीटर (लाईनमधून घेतलेली आणि लाईनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागून सगळं सुरू झाल्यावर तुमच्या खात्यात येते. तोवर दुकानदाराचे पूर्ण पैसे कुठून द्यायचे ते आधी बघून ठेवा. आणि आजच बिल काढून त्यावरचं नाव वाचा. आमचं मीटर वारलेल्या आजोबांच्या नावावर होतं, ते बदलण्यातच महिने गेले. तुमचंही तसंच असेल तर महावितरणकडे नावबदलाचा अर्ज आधी टाका, दरपत्रकं मग मागवा.