चंद्रावरचे खड्डे ज्वालामुखीचे की उल्कांचे, हे इथून बघून कसं ठरवतात?

नुसतं बघून खात्रीने ठरत नाही. दगड हातात लागतो. मला हे शून्य गुण मिळवून कळलंय.

मी लोणारजवळचा. 1986 साली नववीच्या भूगोलात प्रश्न आला, 'लोणार सरोवर कसे तयार झाले?' मी लिहिलं, उल्का पडून. सरांनी 4 पैकी 0 दिले, वर पेपर वर्गात वाचून दाखवला. "इथला सगळा दगड बेसॉल्ट. बेसॉल्ट म्हणजे लाव्हा. मग खड्डा कशाचा?" तेव्हापासून गावात माझं नाव उल्क्या. अजूनही बाजारात हाक येते.

अहो, चिखलात नारळ पडला तर खड्डा चिखलातच होणार ना! म्हणून तो चिखलाने केला का? दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थिजला. खड्डा त्या मानाने कालपरवाचा. काठावर जाऊन बघा. आमच्याकडे एरवी लाव्ह्याचे थर भाकरीच्या चळतीसारखे आडवे. लोणारच्या काठावर तेच थर बाहेरच्या अंगाला कललेत, काही ठिकाणी तर वरचा थर पान उलटावं तसा पालथा पडलाय.

आणि मॅस्केलिनाइट. बेसॉल्टमधल्या फेल्डस्पार या खनिजाची न वितळता, नुसत्या धक्क्याने काच होते, तीच ही. त्याला लाखो वातावरणांइतका दाब लागतो. ज्वालामुखीच्या बापाला जमणार नाही. लोणारच्या दगडात ते सापडल्याचं 1973 सालीच 'सायन्स' या संशोधनाच्या नियतकालिकात छापून आलं होतं. माझ्या पेपराच्या 13 वर्षं आधी! (हे पहिल्यांदा सापडलं 1865 साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या अशनीत. ती पुढे मंगळावरची निघाली.)

चंद्राचंही तसंच. अपोलोने आणलेल्या दगडांत धडकेच्या खुणा भरपूर, त्यामुळे बहुतेक खड्डे धडकेचे. काळे डाग मात्र खरोखर लाव्ह्याचे. मंगळावर ऑलिंपस मॉन्सच्या माथ्यावरचा खड्डा ज्वालामुखी खचून झालेला, तिथे माझे सर बरोबर ठरले असते.

सरांना मूर्ख म्हणत नाही. चंद्रावरचे खड्डे धडकेचे, असं सांगणारा अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ गिल्बर्ट 1891 साली ॲरिझोनाच्या विवरावर स्वतः जाऊन आला आणि ते वाफेच्या स्फोटाचं म्हणाला. तेही चूकच.

फक्त लोणारचं वय विचारू नका. एका पद्धतीने 50 हजार वर्षं येतं, दुसरीने 5 लाख 70 हजार. सरांनी तो प्रश्न टाकला असता तर शून्य मीच मागून घेतलं असतं.