सात तारखेच्या आधी

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तू म्हणालास, "काका, माझं मनच कच्चं आहे. आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि आठव्या दिवशी मोडली." फोन ठेवल्यावर मला बराच वेळ झोप आली नाही. हेच मीही म्हणायचो, दारू सोडण्याआधी. आज १९ वर्षांनी सांगतो, ते खरं नव्हतं. कच्च्या मनाचा माणूस दुकान बंद झाल्यावर मागच्या दाराने क्वार्टर मिळवून आणत नाही. जिद्द आपल्यात असते रे, आपण ती उशिरा वापरायला जातो.

सगळ्यांना वाटतं, खरी परीक्षा ग्लास समोर आल्यावर. माझं सांगतो. तू कामावरून सुटतोस त्याच गेटमधून मी सुटायचो. उजवीकडे घर, डावीकडे बाजार. मी डावीकडे वळायचो, कारण भाजी घ्यायची असायची. भाजीवाल्यापुढचं तिसरं दुकान कशाचं, हे पायांना ठाऊक होतं. पण कुणी विचारलं असतं तर मी शपथेवर सांगितलं असतं की भाजीलाच चाललोय. कोथिंबिरीची जुडी घेतलेली असायचीही. रात्री ती बाकाखाली चुरगळलेली सापडायची. पिण्याचं ठरायचं त्या वळणावर. काउंटरवर मी फक्त पैसे मोजायचो.

जर्मनीत वुर्झबुर्ग शहरात विल्हेम हॉफमन नावाचे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०५ माणसांजवळ आठवडाभर एक यंत्र दिलं होतं. ते वाजलं की त्या घडीला मनात कसली इच्छा आहे, तिला विरोध चाललाय का, हे नोंदवायचं. २०१२ साली तो अभ्यास छापून आला. ज्यांचा स्वतःवर चांगला ताबा, ती माणसं मोहाशी जास्त झुंजत असतील असं वाटतं ना? ती कमी झुंजत होती. असे प्रसंगच त्यांच्या वाट्याला कमी येत होते. हे मला कळलं तेव्हा माझी कोथिंबीर आठवली.

आणि "एकच घेतो" याचं काय होतं, तेही ऐक. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये लिहिलं की दारू माणसाची नजर आखूड करते. समोरचा मित्र, समोरचा चकणा दिसतो; उद्याची फर्स्ट शिफ्ट दिसत नाही. म्हणजे दुसऱ्या पेगला नाही म्हणणारा जो, त्यालाच पहिल्या पेगने झोपवलेलं असतं. म्हणून आमच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या, मीटिंगमध्ये सगळा जोर पहिल्या पेगवर.

तलफ येणारच. माझी सगळ्यात वाईट तलफ एका बसस्टॉपवर आली. तोंडाला पाणी सुटलेलं, कानशिलं गरम, खिशात शंभराच्या नोटेची बोटांनी घडी घालतोय, उलगडतोय. मी घड्याळाकडे बघत राहिलो. वीस मिनिटांनी बस आली तेव्हा नोट घामाने ओली होती, पण तलफ उतरली होती. ॲलन मार्लाट नावाचे मानसशास्त्रज्ञ तलफेला लाट म्हणत. ती चढते तशी ओसरते. न पिता ओसरलेली पहिली लाट माणूस विसरत नाही.

मार्लाट यांचीच आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची. आठव्या दिवशी तू प्यायलास, ते एक. "आता मोडलीच आहे" म्हणून पुढचे तीन दिवस प्यायलास, ते वेगळं, आणि जास्त घात त्याने केला. म्हणून विनवतो, आईची शपथ पुन्हा घेऊ नकोस. मोडली की जी शरम वाटते, तीच गिळायला आपण पुन्हा पितो.

एक मात्र स्पष्ट विचारतो, खरं सांग. सकाळी हात थरथरतात का? घेतल्याशिवाय घाम फुटतो का? तसं असेल तर एकट्याने एकदम बंद करू नकोस. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली तर फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टर. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय, मी येतो सोबत. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलतात.

१९३५ साली बिल विल्सन नावाचा माणूस अमेरिकेत ॲक्रन गावच्या हॉटेलात एकटा येरझाऱ्या घालत होता. धंद्यात नुकताच हरलेला, दारू सोडून काही महिनेच झालेले. एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. तो टेलिफोनकडे वळला आणि बोलायला दुसरा दारुडा शोधू लागला. त्यातून त्याला एक डॉक्टर भेटला, तोही पिणारा. आमची मीटिंग त्या दोघांच्या बोलण्यातून जन्मली. तुझ्याजवळ माझा नंबर आहे, गेटच्या आत असतानाच लाव.

शनिवारी सात तारीख, पगार. एटीएम कार्ड आजच आईकडे दे. "बसू या का" म्हणणाऱ्या तुझ्या त्या दोघांना शुक्रवारीच सांगून टाक की शनिवारी काकांकडे जेवण आहे. तसं आहेच, काकू भरीत करणार आहे. पाचला डब्यातलं काहीतरी खाऊन घे, रिकाम्या पोटी बाहेर पडू नकोस. साडेपाचला मी गेटवर उभा असेन, उजव्या बाजूला.

तुझा,
काका