वडिलांना बंदूक भेट द्यायची आहे, पण परवाना कोणाच्या नावे?

प्रश्न : मी ठाण्यात नोकरी करतो. वडील (वय 66) कुडाळ तालुक्यात भात आणि काजूची शेती पाहतात. रानडुकरांनी दोन वर्षे पीक हाती लागू दिलेले नाही. वाढदिवसाला त्यांना बारा बोअरची बंदूक घेऊन द्यावी असे मनात आहे. मुंबईच्या दुकानातून घ्यावी, की गावातले एक परवानाधारक आपली जुनी एकनळी विकत आहेत ती घ्यावी? एका ओळखीच्या माणसाने निम्म्या किमतीत आणून देतो असेही सांगितले आहे. वडिलांकडे परवाना नाही.

उत्तर : शेवटच्या माणसाला आजच नकार कळवा. बिनपरवाना बंदूक जवळ बाळगल्यास शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 25 खाली किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कारावास व दंड होतो. बंदूक वडिलांच्या घरात सापडली, तर आपण दिलेल्या भेटीसाठी आरोपी म्हणून वडील उभे राहतील, आणि ती आणून देणारे म्हणून आपणही त्यात गोवले जाल.

राहिलेल्या दोन पर्यायांपैकी कोणता, हा प्रश्न अजून आलेलाच नाही. कलम 3 प्रमाणे बंदूक विकत घेण्यासाठी, जवळ ठेवण्यासाठी आणि बाळगून फिरण्यासाठी परवाना लागतो, आणि तो ज्याच्या नावे असेल त्याच्यापुरताच असतो. त्यामुळे आपल्या नावे बंदूक घेऊन ती वडिलांच्या हाती सोपवणे हा मार्ग आपल्याला उपलब्ध नाही. आपण पैसे द्यावेत, खरेदी वडिलांनी स्वतःच्या परवान्यावर करावी. कायद्यात बसणारी भेट एवढीच.

वडिलांनी सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी या नात्याने त्यांच्याकडे, अर्ज करायचा आहे. पोलिसांचा अहवाल मागवला जातो, आणि 2016 च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्रही लागते. आपल्या बाजूचा मुद्दा शस्त्र अधिनियमाच्या कलम 13 मध्ये आहे. पीकसंरक्षणाची खरी गरज असेल तर ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायच्या, बंदुकीचा परवाना द्यावा असे ते कलम म्हणते, आणि ठासणीची पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची (आतून खाचा नसलेली) बंदूकही मंजूर करता येते. बारा बोअर त्यातच मोडते. म्हणून अर्जात केवळ ‘शेतीसाठी’ असे लिहून थांबू नका. कोणत्या गटात, कोणत्या महिन्यात, किती नुकसान झाले ते लिहा, सातबारा आणि वनविभागाकडे केलेल्या नुकसानभरपाईच्या अर्जांच्या प्रती जोडा. नकार मिळाल्यास त्याची कारणे लेखी मागा. कलम 18 खाली अपील करता येते.

परवाना हाती आल्यावर दुकानाचा विचार करा. गावातल्या गृहस्थांची एकनळी घेता येईल, परंतु कलम 5 नुसार त्यांनी विक्रीचा इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस जाऊ दिले पाहिजेत. तोवर बंदूक त्यांच्याच घरी राहील. ‘ठेवायला’ म्हणूनसुद्धा आणू नका. जुन्या नळीला आतून गंज किंवा बाहेरून पोचा असेल, तर ती स्वस्तातही घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

दुकान निवडताना मुंबईच्या मोठ्या पाटीपेक्षा अंतर पाहा, कारण काडतुसे आणि दुरुस्ती यांसाठी वडिलांना तिथेच पुन्हा जावे लागेल, आणि दुरुस्तीही परवानाधारक विक्रेत्याकडूनच करून घ्यावी लागते. खरेदीच्या दिवशी मूळ परवान्यासह वडील स्वतः हजर हवेत. दुकानदार परवान्यावर बंदुकीचा प्रकार, बोअर आणि क्रमांक लिहून शिक्का मारील, त्या वेळी चष्मा लावून नळीवर कोरलेला क्रमांक, परवान्यावरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक एकेक अंक जुळवून पाहा. एका अंकाची चूक नूतनीकरणाच्या वेळी फार छळते. क्रमांक घासलेला दिसला तर तिथून निघून या. बिल वडिलांच्याच नावे घ्या. पैसे आपल्या खात्यातून गेले तरी हरकत नाही.

आणखी एक गोष्ट मला काळजीने सांगायची आहे. शस्त्राचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या कलम 11 खाली वनविभागाच्या अधिकृत अधिकाऱ्याची वेगळी लेखी परवानगी लागते. तिच्याशिवाय डुकरावर गोळी झाडली, तर हातातला परवाना वडिलांना वाचवणार नाही. तेव्हा परवान्याच्या अर्जाबरोबरच वनपरिक्षेत्र कार्यालयातही अर्ज द्या आणि पोच घेऊन ठेवा.