वाचकांचे प्रश्न : फुकेतच्या पाण्यात नांगर आणि भरती

प्रश्न : जुलैमध्ये सुट्टी आहे. फुकेतहून कॅटमरान (दोन सांगाड्यांची नौका) भाड्याने घेऊन सिमिलान बेटांपर्यंत जाता येईल का?

उत्तर : नाही. मे ते ऑक्टोबर अंदमान समुद्रावर नैर्ऋत्य मोसमी वारा असतो, आणि सिमिलान राष्ट्रीय उद्यान मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतं. जुलैच हवा असेल तर थायलंडच्या आखातातली कोह सामुई आणि कोह फांगान ही बेटं निवडा. तिथला जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो. सुट्टी पुढे ढकलता आली, तर जानेवारी-फेब्रुवारीत फुकेतलाच जा. तेव्हा ईशान्येचा वारा भरवशाचा असतो. मार्चअखेरीस तो पडू लागतो आणि बरंचसं अंतर इंजिनावर कापावं लागतं.

प्रश्न : फांग-न्गा उपसागरात 4 मीटर पाण्यात 20 मीटर साखळी सोडली होती. संध्याकाळी घट्ट बसलेला नांगर मध्यरात्री घसरला. वारा बेताचाच होता. चूक कुठे झाली?

उत्तर : खोलीच्या पाचपट साखळी हा हिशेब बरोबर, पण खोली चुकीची धरली. तुम्ही ओहोटीला मोजलंत. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे इथे पाणी अडीच मीटरपर्यंत सहज चढतं. नाळेची, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची, पाण्यापासूनची उंची दीड मीटर धरली, तर मध्यरात्री एकूण 8 मीटर झाले. म्हणजे 20 मीटर साखळी अडीचपटच उरली. मग ती तळावर आडवी पडत नाही. नांगराला वर खेचते आणि चिखलातून उपटते. इथे 40 मीटर सोडायला हवी होती.

साखळी सोडल्यावर इंजिन उलट चालवून वेग हळूहळू वाढवा आणि किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणा एका रेषेत धरून पाहा. त्या रेषेतून सरकल्या, तर नांगर अजून बसलेला नाही. कॅटमरानवर दोन्ही नाळांना बांधलेला व्ही आकाराचा दोर साखळीला जोडायचाच. नाहीतर सगळा ताण विंडलासवर (साखळी ओढणाऱ्या यंत्रावर) येतो आणि नौका डावी-उजवीकडे झोकांड्या खात राहते.

उलटी चूकही इथे वरचेवर होते, आणि उपसागराच्या उत्तरेकडच्या उथळ भागात तर फारच. भरतीला 3 मीटर पाणी पाहून नांगर टाकला, तर ओहोटीला अर्धा मीटर उरतो. कॅटमरानला साधारण सव्वा मीटर लागतं. भरतीचं कोष्टक आधी पाहा, मग जागा ठरवा.

प्रश्न : डोंगराच्या पोटातल्या हाँगमध्ये, म्हणजे गुहेतून वाट असलेल्या बंदिस्त खाजणात, कायाकने कधी शिरावं?

उत्तर : पाणी उतरत असताना. चढत्या पाण्यात गुहेचं छत आणि पाणी यांतली जागा मिटत जाते आणि माणसं आत अडकतात. पण ओहोटी संपायच्या आत बाहेर या. काही गुहांची वाट तेव्हा कोरडी पडते.

प्रश्न : फी फी ले बेटावरच्या माया बे या उपसागरात नौका नेता येते का?

उत्तर : येत नाही. 2018 मध्ये प्रवाळ सावरावेत म्हणून तो बंद केला गेला आणि 2022 मध्ये पुन्हा उघडला, पण नौकांना समोरून प्रवेश नाही. मागच्या लोह सामाह बाजूने उतरून पायी जायचं. प्रवाळावर नांगर टाकू नकाच. तिथले बांधणीचे तरंगते बोये वापरा. रात्रभर थांबायचं असेल, तर मास्क लावून पाण्यात उतरा आणि बोयाचा दोर खालपर्यंत तपासा. झिजलेला दोर वरून दिसत नाही.