महामारीत मंडप-बिछायतवाल्यांना सरकारची काही मदत मिळाली का?

तुम्ही विचारलंय की करोनाच्या काळात लग्नसमारंभाच्या धंद्याला सरकारने नेमकं काय दिलं, आणि तशी वेळ पुन्हा आली तर वडिलांचं बिछायत केंद्र तगेल का. माझंही नागपुरात, मानेवाड्याकडे बिछायत केंद्र आहे, म्हणजे लग्नाला मंडप, कनाती, गाद्या भाड्याने देण्याचा धंदा. मदत आली, पण ती बहुतेक कर्जाच्या रूपात आली. आणि ज्याचं नाव आधीच कुठल्या तरी कागदावर होतं, त्यालाच ती मिळाली.

२५ मार्च २०२० ला देश बंद झाला आणि २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया होती. त्या एका आठवड्यात माझ्याकडे नऊ लग्नं होती. पुढे पन्नास माणसांची परवानगी मिळाली, तर लोकांनी घरच्या अंगणात लग्नं उरकून घेतली. गांधीबागेतल्या कापडवाल्याचा माल निदान पुढच्या वर्षी तरी खपतो. आपला मुहूर्त गेला की त्या दिवसाचं भाडं कायमचं गेलं. म्हणूनच आपल्याला कर्ज देणं ही अर्धीच मदत ठरते.

मे २०२० मध्ये केंद्र सरकारच्या हमीवर बँकांनी कर्ज देण्याची तीन लाख कोटींची योजना जाहीर झाली. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या व्यवसायाचं जितकं कर्ज बाकी होतं, त्याच्या २० टक्के रक्कम नवीन तारण न देता मिळणार होती. मुदत चार वर्षं, पहिलं वर्ष मुद्दल भरायचं नाही, बँकेचं व्याज जास्तीत जास्त ९.२५ टक्के. माझं सहा लाख बाकी होतं, मला एक लाख वीस हजार मिळाले. वर्षभर महिन्याला ९२५ रुपये व्याज भरलं. त्या पैशांत गोदामाचं भाडं निघालं आणि दोन कायमच्या पोरांचा पगारही. मी त्या योजनेला नावं ठेवणार नाही.

पण माझ्या गल्लीतल्या दुसऱ्या बिछायतवाल्या दादांचं बघा. त्यांनी आयुष्यभर भिशीतून पैसा उभा केला, बँकेचं एक रुपयाचं कर्ज घेतलं नाही. शून्याचे २० टक्के शून्यच. जो माणूस कर्जाला भिऊन राहिला, त्यालाच काही मिळालं नाही. २०२१ च्या दिवाळीआधी त्यांनी आपल्या पितळी समया आणि गंज, म्हणजे मोठी पातेली, मोडीत काढले, आणि ते वजन करताना मी तिथे उभा होतो.

बाकीचं थोडक्यात सांगतो. मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवायची सवलत होती, पण व्याज चढतच होतं. दोन कोटींच्या आतल्या कर्जांवरचं व्याजावरचं व्याज नंतर सरकारने परत दिलं. माझ्या खात्यात साडेसातशेच्या आसपास आले. ४ जून २०२१ ला रिझर्व्ह बँकेने पंधरा हजार कोटींची खिडकी उघडली, म्हणजे ठरावीक धंद्यांना कर्ज देण्यासाठी बँकांना पैसा पुरवायची सोय केली. त्या यादीत हॉटेल, पर्यटन, ब्युटी पार्लर यांच्यासोबत कार्यक्रम आयोजकांचंही नाव होतं. मी ते परिपत्रक छापून बँकेत घेऊन गेलो. साहेबांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, आमच्याकडे अजून काही आलेलं नाही. तीन चकरा मारल्या, मग सोडून दिलं.

२०२१ तर आणखी वाईट गेलं. फेब्रुवारीच्या शेवटी नागपुरातली मंगल कार्यालयं आणि लॉन बंद केले. एप्रिलमध्ये राज्यभर नियम आला: पंचवीस माणसं, दोन तास, मोडला तर ५० हजार दंड. रोगच तसा होता, सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात खाटा नव्हत्या, म्हणून नियमावर माझा राग नाही. त्या पावसाळ्यात गोदाम उघडलं तर कनातींवर काळी बुरशी चढलेली, आणि गाद्यांत उंदरांनी घरं केलेली. कनात झटकली की घडीवरच फाटायची. या नुकसानीसाठी अर्ज करायला कुठल्याच योजनेत रकाना नव्हता.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो पोरांसाठी. राज्य सरकारने एप्रिल २०२१ मध्ये नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरेलू कामगार, परवानाधारक रिक्षावाले आणि अधिकृत फेरीवाले यांना दीड दीड हजार जाहीर केले. वीस फूट बल्लीवर चढून मंडप बांधणारा पोरगा यातला कोणीच नाही. वाढपी नाही, आचाऱ्याच्या हाताखालची बाई नाही, वरातीत धुमाल पार्टीची वाद्यं वाजवणारे नाहीत. ब्रिटनने घरी बसलेल्या कामगाराचा ८० टक्के पगार, महिन्याला अडीच हजार पौंडांपर्यंत, मालकामार्फत दिला. पण तिथेही मालकाच्या पगारपत्रकावर नाव असणं गरजेचं होतं. आपल्याकडे रोजंदारीची नोंद असते मालकाच्या खिशातल्या डायरीत, तीही फक्त पहिल्या नावाने.

म्हणून माझं म्हणणं असं की धंदा नक्की घ्या, पण कागद आधी करा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. दुकानाच्या नावाने चालू खातं काढा आणि इसार त्यातच घ्या. उलाढाल वीस लाखांवर जात असेल तर जीएसटी घ्यावाच लागतो, आणि धंदा बंद असला तरी शून्याचं रिटर्न भरत राहायचं. बँकेत थोडी का होईना कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे लागेल तसं उचलून परत भरायचं कर्ज, मंजूर करून ठेवा. आमच्या त्या दादांना हे पटत नाही, मला मात्र आता पटलंय. पावतीवर छापून घ्या की सरकारी आदेशाने कार्यक्रम रद्द झाला तर इसारातलं किती परत आणि किती पुढच्या तारखेला धरायचं. अक्षय्य तृतीयेच्या त्या नऊ लग्नांपैकी चार घरांशी माझे संबंध याच एका ओळीवाचून बिघडले.

आणि पोरांची ई-श्रम कार्डं, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीची कार्डं, तुम्ही स्वतः बसून काढून द्या. आधार, बँक खातं आणि आधारशी जोडलेला मोबाइल नंबर लागतो. माझ्या सव्वीस पोरांपैकी एकोणीस जणांची झाली. सात जणांचे नंबर बदललेत, त्यांना घेऊन येत्या रविवारी आधार केंद्रावर जायचंय.